सड्यावरचे पाहुणे

यंदा पौषात घरगुती कार्याला रत्नागिरीस जाणे झाले. दुपारची जेवणे उरकून मंडळी लवंडली, पण धाकटा भाचा पाठ सोडीना. "मामा, पक्षी दाखवा ना." निघालो. दुर्बीण नव्हती. डोळे आणि थोडा दम एवढ्यावर भागते.

आधी मिरकरवाड्याच्या बंदरावर गेलो. मासळी उतरत होती आणि होड्यांवर पांढऱ्या पाखरांचा गलका चालला होता. हे कुरव. त्यांतले तपकिरी डोक्याचे कुरव उन्हाळ्यात लडाख-तिबेटकडच्या उंच तळ्यांकाठी पिल्ले वाढवतात आणि थंडीत आपल्या किनाऱ्याला येतात. भाचा म्हणाला, "पण डोके तर पांढरेच आहे!" खरेच आहे. हिवाळ्यात डोके पांढरे, डोळ्यामागे तेवढा काळसर ठिपका. परतीचे दिवस जवळ आले की तपकिरी रंग चढतो. टोपलीशी बसलेल्या मावशी म्हणाल्या, "ही पाखरं आली की समजायचं, थंडी आली."

तिथून एसटीने शीळकडे गेलो. रत्नागिरी शहराला पाणी पुरवणारे धरण तिथेच आहे. टिबुकल्या बुड्या मारीत होत्या, पाणकावळा पंख पसरून वाळवीत बसला होता आणि काठाने शेपटी हलवीत धोबी फिरत होता. तोही उत्तरेकडून आलेला पाहुणाच.

उन्हे कलल्यावर जवळच्या सड्यावर चढलो. सगळा जांभा कातळ आणि मधूनमधून गुडघाभर वाळलेले गवत. सातबाऱ्यावर अशा जमिनीला पोटखराबा म्हणतात. एक टिटवी ओरडत उठली. मग गवताच्या शेंड्यांवरून एक फिकट राखी पक्षी तरंगत आला, थबकला आणि झपकन खाली उतरला. हा भोवत्या. मध्य आशियातल्या गवताळ माळांवरून येणारा हा शिकारी पक्षी नाकतोडे, उंदीर आणि लहान पाखरे खातो. रात्री तो झाडावर बसत नाही. सांजावताना दोन-चार जण जमतात आणि गवतातच जमिनीवर निजतात. आमच्या डोळ्यांदेखत तीन भोवत्ये एकापाठोपाठ गवतात उतरले.

पलीकडचा सडा मात्र काळाठिक्कर होता. कोणीतरी काडी लावली होती. तिथे एकही पाखरू उतरले नाही.

वाचकहो, दोष दुसऱ्याला कशाला द्यावा? लहानपणी आम्हीही गंमत म्हणून सडे पेटवले आहेत. एका वर्षी वारा फिरला आणि आमचीच बारा मोहरलेली कलमे होरपळली. वडील काही बोलले नाहीत. दुसऱ्या दिवशी नुसते त्या कलमांमधून हिंडत राहिले. ते अजून डोळ्यांपुढून जात नाही.

तेव्हा एवढे करावे. लागेल तेवढे गवत कापून उडवी रचावी. बागेभोवती गवत साफ करून रुंद पट्टा मोकळा ठेवावा, म्हणजे वणवा आत शिरत नाही. भाजावळ करताना वारा पडलेला पाहावा, हाताशी पाणी आणि माणूस ठेवावा. सड्यावरचे उरलेले गवत पाखरांसाठी उभे राहू द्यावे. आपल्या शेतातले नाकतोडे आणि उंदीर टिपणारा गडी रात्री तिथेच निजतो.

परतताना भाचा दबक्या पावलांनी चालत होता. "मामा, ते झोपले असतील ना?" मीही आवाज न करता चाललो.