निम्मी माणसे की न्याय्य वाटप?

२६ एप्रिल २०१९ रोजी ‘अ‍ॅव्हेंजर्स : एंडगेम’ हा चित्रपट भारतात इंग्रजी, हिंदी, तमिळ आणि तेलुगू या चार भाषांत प्रदर्शित झाला. अतिमानवी शक्तीच्या वीरांची ही मालिका २००८ साली सुरू झाली होती, आणि २०१८ च्या ‘इन्फिनिटी वॉर’ने तिच्या चाहत्यांना ऐन पेचात सोडून वर्षभर ताटकळत ठेवले होते. त्यामुळे मोडकी ढाल घेऊन एकटा उरलेला नायक रणांगणात उभा राहतो आणि त्याच्या पाठीशी हरवलेले सर्व साथी एकेक करून प्रकट होतात, त्या क्षणी चित्रगृहे शिट्ट्यांनी आणि टाळ्यांनी दणाणून गेली. कित्येकांच्या डोळ्यांत पाणी आले. या आनंदाला नाके मुरडण्याचे कारण नाही. विखुरलेली माणसे एकत्र यावीत आणि त्यांनी बलाढ्याला नमवावे, ही आकांक्षा निरोगी आहे. किंबहुना ज्यांचे राजकारणच या आकांक्षेवर उभे आहे, त्यांनी तरी तिची टिंगल करू नये.

आक्षेप आहे तो टाळ्या ओसरल्यानंतर चाहत्यांच्या तोंडी जे वाक्य उरले त्याला. ते वाक्य असे : “पण थानोसचे तरी काय चुकले?”

थानोस हा या कथेतील खलनायक. विश्वातील साधनसंपत्ती मर्यादित आहे आणि खाणारी तोंडे फार झाली आहेत, असे त्याचे निदान. सहा दिव्य रत्ने हस्तगत करून तो चुटकी वाजवतो आणि विश्वातील निम्मे सजीव राख होऊन जातात. गरीब-श्रीमंत असा भेद न करता आपण हे केले, म्हणून ते न्याय्य आहे, असा त्याचा दावा आहे. हा दावा पडद्यावर ऐकून शिकलेसवरलेले तरुण माना डोलावतात, यात नवल नाही. १७९८ साली माल्थसने मांडलेला सिद्धांत दोन शतके पाठ्यपुस्तकांतून आणि सरकारी भिंतींवरच्या घोषणांतून त्यांच्या कानी पडतच आला आहे.

चित्रपट या दाव्याला उत्तर देतो का? मुळीच नाही. उलट, निम्मी माणसे गेल्यानंतर जहाजे कमी झाली, पाणी स्वच्छ झाले आणि हडसन नदीत देवमासे दिसू लागले, असे खुद्द नायकाच्या तोंडून वदवून तो दाव्याला अर्धी संमतीच देतो. पुढे तर थानोस निम्म्यावर न थांबता सारे विश्वच नष्ट करून नवे, कृतज्ञ विश्व घडवायला निघतो. म्हणजे युक्तिवाद खोडून काढण्याऐवजी युक्तिवाद करणाऱ्यालाच अधिक क्रूर करून टाकले, आणि मग त्याला मारणे सोपे झाले. खलनायक मेला, त्याचे अर्थशास्त्र मात्र जिवंत राहिले. प्रेक्षक ते बरोबर घेऊनच घरी परतले.

या अर्थशास्त्राची परीक्षा साध्या अंकगणिताने होते. २०१८ साली जगाची लोकसंख्या सुमारे ७६५ कोटी होती. तिच्या निम्मी, म्हणजे सुमारे ३८३ कोटी माणसे या पृथ्वीवर १९७२ च्या सुमारास प्रत्यक्ष नांदत होती. थानोसला अभिप्रेत असलेले जग मानवजातीने एकदा पाहिलेले आहे! त्या जगात सुबत्ता होती काय? १९७२ हे महाराष्ट्राच्या भीषण दुष्काळाचे वर्ष. राज्याची लोकसंख्या तेव्हा पाच कोटींच्या आसपास, म्हणजे २०११ च्या निम्म्याहूनही कमी होती. आणि १९७३ च्या उन्हाळ्यात सुमारे ५० लाख माणसे दुष्काळी कामांवर खडी फोडत, माती वाहत होती. त्यांना जगवले ते तोंडे कमी झाल्याने नव्हे, तर हाताला काम आणि कामाला मजुरी मिळाल्याने. त्या अनुभवातूनच रोजगार हमीचा कायदा आला. याउलट २००१ साली सरकारी गोदामांत कोट्यवधी टन धान्य साठलेले असताना देशातून भूकबळींच्या वार्ता येत होत्या आणि अन्नाच्या हक्कासाठी सर्वोच्च न्यायालयात जावे लागले. धान्य असणे आणि ते ताटात पडणे यांच्यामध्ये मालकी, मजुरी आणि सत्ता उभी असते. म्हणूनच “थानोसने साधनसंपत्ती दुप्पट का केली नाही?” ही काही चाहत्यांची शंकाही अपुरी ठरते. वाटप जुनेच राहिले तर दुप्पट धान्यही जुन्याच कोठारांत जाते.

हा केवळ कल्पित राक्षसाचा विचार आहे, असे समजून कोणी निश्चिंत राहू नये. आणीबाणीत, १९७६ साली, सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूर करणारे देशातले पहिले विधिमंडळ महाराष्ट्राचे होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने त्याचा कायदा झाला नाही, एवढेच. १९७६-७७ या एका वर्षात देशात ८० लाखांहून अधिक नसबंद्या झाल्या. त्यांत गरीब-श्रीमंत असा भेद खरोखरच नव्हता, असे म्हणण्याचे धाडस कोण करील? आज महाराष्ट्रातील जननदर, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणानुसार, स्त्रीमागे १.७ इतका खाली आला आहे. शिक्षण आणि आरोग्य यांच्या बळावर स्त्रियांनी जे घडवले, त्यासाठी कोणत्याही चुटकीची गरज पडली नाही.

मुंबई-पनवेलच्या चित्रगृहांतली अशी वाक्ये मोबाइलवरून पेण-रोह्याच्या खेड्यांपर्यंत पोचायला आता वेळ लागत नाही. याच मुलखात गागोदे बुद्रुक आहे. ११ सप्टेंबर १८९५ रोजी विनोबा भावे यांचा जन्म या गावी झाला. थानोसचा प्रश्न विनोबांपुढेही आला होता. १८ एप्रिल १९५१ रोजी तेलंगणातील पोचमपल्ली येथे ४० दलित कुटुंबांनी त्यांच्याकडे ८० एकर जमीन मागितली. तोंडे होती, साधने नव्हती. विनोबांनी तोंडे मोजली नाहीत, त्यांनी सभेला विचारले की जमीन कोण देतो. आणि रामचंद्र रेड्डी यांनी १०० एकर देऊ केली. त्यानंतर, पाच मुलगे असतील तर मला सहावा माना आणि माझा वाटा द्या, असे जमीनमालकांना सांगत ते गावोगाव फिरले. वाटपाचा हिशेब एका माणसाने वाढवून मांडणे आणि निम्मी माणसे पुसून मांडणे, यांत माणुसकीचे अंतर आहे तसेच अर्थशास्त्राचेही आहे.

भूदानाचे यश मर्यादित होते, हे लपवण्यात अर्थ नाही. मिळालेली बरीच जमीन नापीक वा वादग्रस्त निघाली, बरीच वाटलीच गेली नाही. दात्याच्या सद्भावनेवर विसंबलेले वाटप दात्यापाशीच अडते. पण त्याचेही उत्तर याच जिल्ह्याने, तो कुलाबा म्हणून ओळखला जात होता तेव्हा, देऊन ठेवले आहे. अलिबाग तालुक्यातील चरी येथे १९३३ साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी खोतांची जमीन न कसण्याचा निर्धार केला आणि तो १९३९ पर्यंत, सहा वर्षे, उपासमार सोसून पाळला. कुळांना कायद्याचे संरक्षण देण्याची वाट या संपाने मोकळी केली. १९४८ चा कूळकायदा आणि १९४९ चे खोती निर्मूलन ही तिच्या पुढची पावले होती. एकत्र येऊन बलाढ्याला नमवणारी ही माणसे होती. त्यांच्यापाशी दिव्य रत्ने नव्हती, ढाली नव्हत्या आणि त्यांच्यासाठी आकाशातून कोणी उतरले नाही.

“करमणुकीला इतके गंभीरपणे का घ्यायचे?” असे विचारले जाईल. ज्या करमणुकीने जगभरातून सुमारे २८० कोटी डॉलर आणि एकट्या भारतातून ३०० कोटी रुपयांहून अधिक गोळा केले, तिला तिचे मालक तरी गंभीरपणे घेतात. डिस्नेने २००९ साली सुमारे ४०० कोटी डॉलर मोजून मार्व्हल कंपनी विकत घेतली, ती गंमत म्हणून नव्हे. अशा कंपनीला टंचाईची भीती विकता येते, वीरांचे ऐक्यही विकता येते. मालकी आणि वाटप यांचा प्रश्न मात्र तिच्या पटकथेत बसत नाही. म्हणूनच तिच्या चित्रपटात सामान्य माणसांना दोनच कामे उरतात : राख होणे, आणि कोणीतरी वाचवल्यावर परत येणे.

चाहत्याने पुढचा चित्रपट अवश्य पाहावा आणि टाळ्याही मनापासून वाजवाव्यात. परंतु माणसे फार झाली आहेत, असे कोणी सांगू लागला, मग तो पडद्यावरचा राक्षस असो की व्यासपीठावरचा पुढारी, तर त्याला आधी एवढेच विचारावे : जमीन किती आहे, ती कोणाकडे आहे, आणि पिकते त्यातले कसणाऱ्याला काय मिळते?