पंगत कोणी मांडली?

पाद्री सांगतो, देवाच्या घरी सगळी लेकरं सारखी. मग मेल्यावर दलित ख्रिश्चनाला वेगळी दफनभूमी का? तामिळनाडूतल्या काही गावांत हे चालतं. माती तीच, पण मधे भिंत!

हे आभाळातून पडलं नाही. वरच्यांनी रुजवलं. १६०६ साली रॉबर्ट दि नोबिली हा इटालियन जेझुइट पाद्री मदुराईत आला. ब्राह्मणांना ख्रिस्ती करायचं म्हणून त्यानं भगवी वस्त्रं चढवली, मांसमच्छी सोडली, खालच्या जातींशी उघड संबंध टाळले. १६२३ मध्ये पंधराव्या ग्रेगरी पोपनं जानवं-शेंडीला मुभा दिली. पुढं वरच्या जातींना संन्यासी पाद्री, बाकीच्यांना पंडारस्वामी. पुढाऱ्यानं पंगत मांडली, तसं चर्च बसलं.

चार शतकं गेली. २०१६ साली भारतातल्या कॅथलिक बिशपांनी धोरण काढून कबूल केलं की आमच्यातही अस्पृश्यता आहे. २०२२ मध्ये हैदराबादचे आर्चबिशप अँथनी पूला पहिले दलित कार्डिनल झाले. चांगलंच झालं. पण एका लाल टोपीनं समता येत नाही, अन् कागदानं भिंत पडत नाही.

बिशपानं ठणकावून सांगावं, भिंत पडेपर्यंत या गावात मिस्सा होणार नाही. सवर्ण चिडतील, वर्गणी आटेल. आटू द्या! नोबिलीनं ब्राह्मणांपायी स्वतःचं ताट बदललं, कपडे बदलले. दलितांपायी तुम्ही काय बदलणार, बोला!