माणुसकी मोबाइलनं खाल्ली नाही

मोबाइल आला आणि माणुसकी गेली, हे वाक्य किल्लारी परिसरात हमखास ऐकू येतं. त्याच्या पाठोपाठ १९९३ च्या भूकंपाचा दाखला येतो. ३० सप्टेंबरच्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी जमीन हलली, गणपती बोळवून झोपलेली गावं दगडमातीच्या भिंतींखाली आणि माळवदांखाली गाडली गेली, आणि सगळा महाराष्ट्र धावून आला. तेव्हा हातात मोबाइल नव्हता म्हणून माणसाला माणसाचं दुःख कळत होतं. आता 'भावपूर्ण श्रद्धांजली' टाकली की कर्तव्य संपलं, असा हा युक्तिवाद. त्यातली तळमळ मला पटते, पण निष्कर्ष साफ चुकीचा आहे.

माणसं धावून आली हे खरंच. शांतिलाल मुथ्था यांच्या भारतीय जैन संघटनेनं भूकंपग्रस्त भागातली सुमारे १,२०० मुलं शिक्षणासाठी पुण्याला नेली. असं काम कोणत्याही काळात मोठंच ठरेल. पण त्याच दिवसांत नुसतं बघायला आलेल्यांच्या गर्दीनं रस्ते तुंबले आणि मदतीच्या गाड्या अडकल्या. कुणाच्या कामाला न येणाऱ्या जुन्या कपड्यांचे ढीग येऊन पडले. ढिगाऱ्यातून प्रेत निघताना मान उंचावून पाहणारा माणूस आणि आज अपघाताचा व्हिडिओ काढणारा माणूस यांच्यात मला फारसा फरक दिसत नाही. बघ्याला तेव्हा स्वतः यावं लागे, आता यावं लागत नाही, एवढंच.

शेजारधर्म मोबाइलनं बुडवला, असंही म्हणतात. इथं जरा थांबून बघायला हवं. भूकंपानंतर जी ५२ गावं नव्या जागी वसवली, तिथं जमिनीच्या मापावर घराचं माप ठरलं: भूमिहीन आणि अगदी थोडी जमीन असलेल्यांना २५० चौरस फूट, मधल्या शेतकऱ्यांना ४००, मोठ्या जमीनदारांना ७५०. एकेका मापाच्या घरांच्या वेगळ्या ओळी पडल्या. जुन्या गल्लीत भिंतीला भिंत लावून राहणारी, एका घरातली कालवणाची वाटी दुसऱ्या घरात पोचवणारी माणसं पुष्कळ गावांत अशी पांगली. रुंद रस्ते झाले, अंगणं झाली, पण म्हाताऱ्या बाईला जुन्या शेजारणीकडं जायला उन्हातून गावाच्या दुसऱ्या टोकाला जावं लागलं. हे सगळं मोबाइल यायच्या कितीतरी आधी घडलं. दोष द्यायचा तर आराखड्याला द्या.

आणि पारावरच्या समोरासमोरच्या गप्पांचं कौतुक करताना तिथं कोणाला बसता येत होतं, हे विसरता येत नाही. १९७८ साली मराठवाडा विद्यापीठाच्या नामांतराचा ठराव झाला आणि याच मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. पेटवणारे आणि होरपळणारे एकमेकांना नावानिशी ओळखत होते, एकाच शिवारात राबत होते. रोज तोंड दिसलं की कणव आपोआप येते, हा समज त्या जळक्या घरांपुढं टिकत नाही.

आकडेवारीचा आधार घेणाऱ्यांचीही एक अडचण आहे. संशोधक सारा कॉनरॅथ आणि सहकाऱ्यांनी १९७९ ते २००९ या काळात अमेरिकी महाविद्यालयीन विद्यार्थ्यांची सहवेदना सुमारे ४० टक्क्यांनी घटल्याचं दाखवलं, आणि तो अभ्यास फोनविरोधी लेखांतून जगभर फिरला. पुढं कॉनरॅथ यांच्याच चमूनं २०१८ पर्यंतची माहिती तपासली, तेव्हा २००८ नंतर सहवेदना पुन्हा वाढत गेल्याचं दिसलं. म्हणजे स्मार्टफोन घरोघरी पोचत होते नेमकी तीच वर्षं. फोनमुळे ती वाढली, असं मी म्हणत नाही. फोनमुळे ती मेली, असं मात्र आता कुणाला म्हणता येणार नाही.

तंत्रज्ञानामुळे जग जवळ आलं, असं म्हणणाऱ्यांच्या पंगतीलाही मला बसायचं नाही. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या व्हॉट्सअ‍ॅपवरच्या अफवेवरून, मंगळवेढ्याकडच्या नाथपंथी डवरी गोसावी समाजाच्या ५ जणांना ग्रामपंचायतीच्या खोलीत कोंडून ठेचून मारलं. भिक्षा मागून पोट भरणारी ती माणसं जमावाच्या डोळ्यांपुढं होती. पण ती कोण आहेत हे निरोपानं आधीच ठरवून टाकलं होतं, ऐकायला कुणी उरलंच नव्हतं.

सहवेदना मरते ती इथं. एखाद्याबद्दल बोललं जातं आणि त्याला उत्तर द्यायची जागाच राहत नाही, तिथं. गावगप्पांत हे होतं, पत्रकांत होतं, भाषणांत होतं. फॉरवर्डनं त्याला वेग आणि पल्ला दिला. म्हणून पुढं पाठवण्यावर मर्यादा हव्यातच. राईनपाड्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सअ‍ॅपनं भारतात एका वेळी ५ चॅटची मर्यादा घातली, ती योग्यच होती.

पण तोच फोन ऐकण्यासाठी वापरला तर? पुण्यात कामाला असलेली लेक रात्री फोनवर विचारते, "काय करलालीस गं माय?" माय म्हणते, "काई नाही." त्या 'काई नाही'चा सूर जरा खाली गेला, की लेक लगेच पकडते आणि दुखणं बाहेर काढते. लिहिलेल्या 'ठीक'मधून तिला ते कळलं नसतं. ज्युलियाना श्रोडर, निकोलस एप्ली या संशोधकांच्या प्रयोगांतही, न पटणारं मत वाचण्यापेक्षा ते मांडणाऱ्याच्या आवाजात ऐकलं, की ऐकणाऱ्याला तो माणूस अधिक विचारी वाटला. भूकंपानंतर घरदुरुस्तीच्या कार्यक्रमात 'स्वयं शिक्षण प्रयोग' या संस्थेनं गावोगावच्या बायकांना संवाद सहायक म्हणून उभं केलं, तेही यासाठीच. सरकारी कागदावरची माहिती घरात न्यायची आणि घरातली तक्रार परत वर पोचवायची. निरोप दोन्हीकडून चालला, तेव्हा लोकांचा जीव त्या कामात आला.

म्हणून ३० सप्टेंबरला गटागटांत फिरणारी तीच ती पडक्या घरांची छायाचित्रं आता पुरे. भूकंपावेळी तिशीत असलेली माणसं साठी ओलांडून गेली आहेत. नव्या गावांतल्या शाळांनी मुलांना फोन देऊन त्यांच्याकडं पाठवावं. रात्र कशी गेली, कोण गेलं, पत्र्याच्या शेडमध्ये पहिला पाऊस कसा काढला, हे त्यांच्याच आवाजात, त्यांच्याच बोलीत नोंदवून घ्यावं. ते गावाच्या गटावर टाकलं, की अंगठा उठवून पुढं जायला बंदी असावी. ज्यानं ऐकलं त्यानं एक तरी प्रश्न विचारावा, आणि तो मुलांनी परत त्या घरी न्यावा.