गोंदियात सदनिकांचे गणित का जुळत नाही?

भंडाऱ्यापासून वेगळा होऊन १ मे १९९९ रोजी गोंदिया जिल्हा अस्तित्वात आला. मुख्यालयाचा विस्तार त्यानंतर झपाट्याने होणार, ही अपेक्षा स्वाभाविक होती. जनगणनेत मात्र ती उतरलेली दिसत नाही. नगर परिषद क्षेत्राची लोकसंख्या २००१ मध्ये सुमारे १ लाख २१ हजार होती; २०११ मध्ये ती १ लाख ३३ हजारांच्या आसपास पोहोचली. दहा वर्षांत वाढ जेमतेम दहा टक्के! शहर हद्दीबाहेर, कुडवा, फुलचूरसारख्या लगतच्या गावांकडे पसरले आणि तेही प्रामुख्याने एकेका स्वतंत्र घराने.

येथील माणसाला जमिनीची ओढ असते, म्हणून सदनिका खपत नाहीत, असे स्पष्टीकरण नेहमी दिले जाते. ते अर्धसत्य आहे. सिमेंट, लोखंडी सळ्या, फरशा आणि लिफ्ट यांचे भाव गोंदियासाठी नागपूरपेक्षा फारसे उतरत नाहीत. स्वस्त असते ती केवळ जमीन. आणि जमीन स्वस्त असली की बहुमजली इमारतीचे प्रयोजनच उरत नाही.

समजा, भूखंडाचा दर चौरस फुटाला ५०० रुपये आणि बांधकामाचा खर्च २,००० रुपये आहे. दीड हजार चौरस फुटांच्या भूखंडावर हजार फुटांचे घर साडेसत्तावीस लाखांत उभे राहते. त्याच दराच्या जमिनीवर १.१ निर्देशांकाने इमारत बांधली, तर जमीन व बांधकाम मिळून प्रति चौरस फूट २,४५५ रुपये लागतात. व्याज, शुल्क आणि नफा यांसाठी २० टक्के धरले, तर हजार फुटांची सदनिका साडेएकोणतीस लाखांना जाते. जास्त पैसे देऊन अंगणही गमवायचे, हा व्यवहार कोण करील? जमिनीचा दर २,००० रुपयांवर गेला की चित्र पालटते. स्वतंत्र घर पन्नास लाखांचे होते, तर सदनिका सुमारे शेहेचाळीस लाखांत बसते. अधिमूल्य भरून निर्देशांक वाढवता येतो. पण ते अधिमूल्य अखेर दरातच मिळवावे लागते.

म्हणजे सदनिका परवडणार ती मध्यवस्तीत. तेथे मात्र भूखंड लहान आणि गल्ल्या अरुंद. डिसेंबर २०२० च्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीने अनुज्ञेय बांधकाम रस्त्याच्या रुंदीशी जोडले आहे. वाहनतळ आणि सामासिक अंतरे सोडल्यावर हाती उरते ती सहा-आठ सदनिकांची इमारत. लिफ्टचा आणि देखभालीचा भार एवढ्याच कुटुंबांवर पडतो.

खरा धोका याच आकारात आहे. भूखंड ५०० चौरस मीटरपेक्षा मोठा नसेल किंवा सदनिका आठपेक्षा अधिक नसतील, तर २०१६ च्या रेरा कायद्यानुसार प्रकल्पाची नोंदणी करावी लागत नाही. पाच हजार चौरस फुटांचा भूखंड तर ४६५ चौरस मीटरच भरतो. नोंदणीकृत प्रकल्पात ग्राहकांच्या पैशातील ७० टक्के रक्कम स्वतंत्र खात्यात ठेवण्याचे बंधन आहे आणि नोंदणीकृत कराराशिवाय दहा टक्क्यांहून अधिक रक्कम घेता येत नाही. छोट्या इमारतीतील ग्राहकाला स्वतंत्र खात्याचे संरक्षण नाही. त्याला आधार १९६३ च्या मोफा कायद्याचा. त्यात करारापूर्वीची मर्यादा वीस टक्के आहे. इमारत अर्ध्यावर थांबली, तर त्याला दार ठोठवावे लागते ते ग्राहक आयोगाचे किंवा दिवाणी न्यायालयाचे.

शासकीय वैद्यकीय महाविद्यालय २०१६ मध्ये सुरू झाल्याने डॉक्टर आणि पगारदार वर्गाची मागणी वाढण्यास वाव मिळाला. तथापि बदलीवर येणारा नोकरदार घर भाड्याने घेतो, विकत नाही. मोठ्या प्रकल्पांना लागणारे सलग भूखंड आणि रुंद रस्ते शहराच्या कडेला आहेत. आणि तेथे स्वतंत्र घर अद्याप स्वस्त पडते.