मर्यादेतला एक दिवस

शिरपूरच्या बाजारपेठेत कापडाचे दुकान असलेल्या एका कुटुंबाने यंदा दिवाळीनंतर मुंबई ते गोवा अशी जलसफर केली. अरुणावतीच्या काठी आयुष्य गेलेल्या आईचा समुद्रावर रात्र काढण्याचा हा पहिलाच प्रसंग होता. बॅलार्ड पिअरहून संध्याकाळी निघालेले जहाज सकाळी मुरगाव बंदराला लागले. दुपारी साडेचारपर्यंत सर्वांनी परतावे, अशी सूचना होती. कॅरिबियन समुद्रातील सेंट मार्टिन बेटावर उतरणारा प्रवासी असो वा मुरगावला उतरणारा, मागे राहिलेल्यासाठी जहाज थांबत नाही.

हाती असलेल्या तासांचा मुलाने व्यापाऱ्याच्या हिशेबाने आराखडा केला होता: मिरामारचा किनारा, जुने गोवे, मडगावची बाजारपेठ. आईने मात्र सकाळचे सामायिक आटोपून देशावकाशिक व्रत घेतले होते. दिग्व्रतात श्रावक दिशांची मर्यादा दीर्घ काळासाठी ठरवतो. देशावकाशिकात तीच मर्यादा एका दिवसापुरती, कधी काही तासांपुरती, आणखी आखडून घेतो. आईची त्या दिवसाची धारणा होती: जहाजापासून फोंडा तालुक्यातील बांदोड्यापर्यंत आणि तेथून परत. बांदोड्याला नेमिनाथ बस्तीचे अवशेष आहेत, हे तिने वाचले होते.

“आई, एवढ्या लांब येऊन पडक्या भिंती पाहायच्या?” मुलाने विचारले.

“तुम्ही हवे तेथे फिरून या. मला तेवढे पुरे आहे.”

आईंना एकटे पाठवणे सुनेला पटेना. अखेर सारेच निघाले.

बोरीच्या पुलावरून झुआरी ओलांडून गाडी बांदोड्याला पोहोचली. नागेशीच्या देवळापासून जवळच ती बस्ती होती. आज ते राज्य संरक्षित स्मारक आहे. जांभ्या दगडाच्या भिंती, भोवती झाडी. पूजा नाही, घंटा नाही, पुजारी नाही. आईने चपला दूर काढल्या, नवकार म्हटला आणि ती बराच वेळ डोळे मिटून बसली. कोकणच्या या पट्ट्यात कधीकाळी श्रावकांची वस्ती नांदत होती, याची खूण सांगायला तेवढ्या भिंती पुरेशा होत्या.

निघताना गाडीवान म्हणाला, “डिचोली तालुक्यात कुडण्याला, गुजीर येथेही जुन्या जैन मंदिराचे अवशेष आहेत. वेळ आहे, जाऊन येऊ.”

मुलाचा चेहरा उजळला. “आई, हे तर देवदर्शनच आहे. याला काय हरकत?”

आई क्षणभर गप्प राहिली. मग म्हणाली, “मलाही जावेसे वाटते. म्हणूनच आज नको.”

परतीच्या वाटेवर मुलगा फारसे बोलला नाही. वडिलांनी दुकानात उधारीची एक मर्यादा आखून दिली होती. गिऱ्हाईक कितीही ओळखीचे असो, ती त्यांनी कधी ओलांडली नाही. गेल्या लग्नसराईत मुलाने ती मोडली होती, तीही कोणा लबाडासाठी नव्हे, तर एका सज्जन गिऱ्हाइकासाठी. ती रक्कम अजून येणेच होती. वाईट कारणासाठी मर्यादा ओलांडताना माणूस दचकतो. चांगल्या कारणासाठी ओलांडताना त्याला कोणी अडवत नाही, तो स्वतःही नाही. बस्तीच्या भिंतींपाशी आईने जे नाकारले, ते चांगलेच होते.

चार वाजता कुटुंब जहाजावर परतले. आईने सूर्यास्तापूर्वी जेवण उरकून चोविहार घेतला. बंदराचे दिवे मागे पडू लागले, तेव्हा कठड्याशी उभ्या असलेल्या पत्नीला तो म्हणाला, “घरी गेल्यावर उधारीची वही पुन्हा बाबांच्या नियमाने चालवायची.”

“आणि कुडणे?” तिने विचारले.

“पुढच्या वेळी. आईच्या धारणेत असेल तेव्हा.”