विकत घ्यायचे की विकायचे?

माझी शाळेपासूनची मैत्रीण यजमानांच्या नोकरीमुळे शांघायला राहते. "एकदा येऊन जा गं," असा तिचा धोशा होता. गेल्या दिवाळीच्या सुट्टीत जायचं ठरलं आणि दोन महिने आधीच मी चिनी भाषेची वही घातली. हे म्हणाले, "मैत्रीण आहे, मोबाइल आहे. भाषा कशाला हवी?" सासूबाई मात्र म्हणाल्या, "शिकू दे तिला. परक्या मुलखात निदान पाणी तरी मागता यावं."

सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ साली वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथली भाषा शिकले आणि तिच्यातून विद्यार्थ्यांना शिकवूही लागले. मला तर प्रवासापुरती पंधरा-वीस वाक्यंच हवी होती!

मैत्रिणींनो, इथे आपली बाराखडी कामाला येते. पुस्तकात चिनी शब्द इंग्रजी अक्षरांत असतात. ते इंग्रजीसारखे वाचले की फसगत झालीच! तिथे 'बी'चा उच्चार साधारण 'प' आणि 'पी'चा 'फळा'तला 'फ'. 'डी'चा 'त' आणि 'टी'चा 'थ'. हा फरक आपल्या जिभेला लहानपणापासून ठाऊक असतो. म्हणून मी वहीत सगळं देवनागरीतच उतरवलं. नमस्कार: नी हाओ. आभार: श्ये-श्ये. केवढ्याला: तुओ-शाओ छ्येन. मी शाकाहारी आहे: वो छ्र सू. आकडे तर आपल्याहून सोपे. एकोणपन्नास म्हणजे सरळ 'चार-दहा-नऊ'!

अवघड आहेत ते सूर. एक सपाट, दुसरा चढता, तिसरा खाली जाऊन वर येणारा आणि चौथा झटक्यात पडणारा. सूर चुकला की अर्थच बदलतो. पोळ्या लाटताना मी ते मोठ्याने घोकत असे आणि लेक खुदुखुदु हसत असे.

तिथे तिसऱ्याच संध्याकाळी मैत्रिणीला सणकून ताप भरला. यजमान फिरतीवर. मी एकटीच कोपऱ्यावरच्या औषधाच्या दुकानात धावले. घाईत मोबाइल घरीच राहिला. धीर करून म्हटलं, "वो याओ माय याओ." पहिला 'याओ' म्हणजे हवे, दुसरा म्हणजे औषध. दुकानातली बाई बघतच राहिली. मग माझ्या डोक्यात प्रकाश पडला. 'माय' तिसऱ्या सुरात म्हटलं तर 'विकत घेणे', चौथ्यात म्हटलं तर 'विकणे'. मी तिला औषध विकायला निघाले होते!

पुन्हा सावकाश, नीट म्हटलं. कपाळाला हात लावून "फा-शाओ", म्हणजे ताप, हेही सांगितलं. ती हसली आणि गोळ्या काढून दिल्या. घरी मैत्रिणीने पाकिटावरचं सगळं वाचून मगच गोळी घेतली. पहाटे ताप उतरला, तेव्हा माझाही जीव भांड्यात पडला.

तेव्हा परदेशी निघताना थोडी तरी भाषा शिकाच. सूर वाचून येत नाहीत, ऐकूनच शिका. रोज दहा मिनिटं पुरतात. उतरायचा पत्ता आणि 'मी मांस खात नाही' हे वाक्य चिनी लिपीत लिहून पर्समध्ये ठेवा.

परत आल्यावर सासूबाईंनी विचारलं, "काय गं, पाणी मागता आलं का?"

म्हटलं, "आई, औषधसुद्धा!"