अमेरिकन यादवी युद्ध : सेनापतींचे की गुलामांचे?

१८६१ ते १८६५ या चार वर्षांत अमेरिकेच्या उत्तरेकडील व दक्षिणेकडील राज्यांत जे यादवी युद्ध झाले, त्यावरील पुस्तके आणि चित्रपट आज ना उद्या तुमच्या मुलांपुढे येणारच. त्यांत रणांगणांचे नकाशे असतील, तोफा असतील, घोड्यावर आरूढ झालेले दाढीधारी सेनापती असतील. अँटिएटम येथे १७ सप्टेंबर १८६२ या एका दिवसात उभयपक्षांचे मिळून सुमारे २३ हजार सैनिक ठार, जखमी वा बेपत्ता झाले. १८६३च्या जुलैत गेटिसबर्ग येथे तीन दिवसांत ही संख्या ५० हजारांच्या घरात गेली. असली वर्णने वाचून कोणाचेही रक्त सळसळेल. सळसळू द्या. पण मुलाने पुस्तक मिटले की त्याला एकच प्रश्न विचारा : हे सारे कशासाठी लढले?

बहुतेक वेळा उत्तर ठरलेले असते. दक्षिणेकडील राज्ये म्हणे आपल्या स्वायत्ततेसाठी लढली. गुलामगिरीचा प्रश्न केवळ आनुषंगिक होता. वकिलीच्या व्यवसायात आम्ही पक्षकाराच्या नातवंडांनी काय सांगितले ते पाहत नाही, पक्षकाराने स्वतः काय लिहून दिले ते पाहतो. मिसिसिपी राज्याने जानेवारी १८६१मध्ये फुटून निघण्याची कारणे जाहीर केली, तेव्हा आपली भूमिका गुलामगिरीच्या संस्थेशी एकरूप आहे असे त्याने आरंभीच नमूद केले. बंडखोर राज्यसंघाचा उपाध्यक्ष अलेक्झांडर स्टीफन्स याने २१ मार्च १८६१ रोजी सव्हाना येथील भाषणात सांगितले की, काळा मनुष्य गोऱ्याच्या बरोबरीचा नाही आणि गुलामी हीच त्याची स्वाभाविक अवस्था होय, या सिद्धांतावर आमच्या नव्या शासनाची कोनशिला बसविली आहे. याहून स्पष्ट कबुलीजबाब कोणत्या न्यायालयाला हवा? आणि स्वायत्ततेचे म्हणाल, तर त्यांच्या नव्या राज्यघटनेने गुलामांवरील मालकी हक्काला बाधा आणणारा कायदा करण्यास त्यांच्याच विधिमंडळाला मनाई केली होती, आणि मालकाला आपल्या गुलामांसह कोणत्याही राज्यात जाण्या-राहण्याचा हक्क दिला होता. म्हणजे राज्यांना सगळी मोकळीक होती, ती नेमकी या एका बाबतीत नव्हती!

आता त्यांचा आराध्य सेनापती रॉबर्ट ई. ली पाहू. ली हा साधुपुरुष होता, त्याला गुलामगिरी मनातून अमान्य होती, असे सांगण्यात येते. पुराव्यादाखल त्याने १८५६ साली पत्नीला लिहिलेले पत्र पुढे करतात. त्यात गुलामगिरीला नैतिक व राजकीय अनिष्ट असे म्हटले आहे खरे. परंतु तेच पत्र पुढे वाचा. आफ्रिकेतल्यापेक्षा काळ्यांची येथे स्थिती बरी आहे, त्यांना लागणारे कष्टाचे वळण त्यांच्या हिताचेच आहे, सुटका ईश्वराला योग्य वाटेल तेव्हा होईल, असा त्याचा अभिप्राय आहे. वाचकहो, हा युक्तिवाद तुम्हाला ओळखीचा वाटत नाही काय?

१८५७ साली लीचा सासरा वारला. सुमारे २०० गुलामांना पाच वर्षांच्या आत मुक्त करावे असे त्याच्या मृत्युपत्रात होते आणि त्याची अंमलबजावणी लीकडे होती. लीने त्यांना त्वरित सोडले नाही. इस्टेटीचे देणे फेडण्यासाठी त्यांच्याकडून काम करून घेतले आणि मुदत वाढवून मिळावी म्हणून तो न्यायालयात गेला. न्यायालयाने मुदत दिली नाही. मुक्ततेच्या कागदावर त्याने डिसेंबर १८६२च्या अखेरीस सही केली. दरम्यान १८५९ साली वेस्ली नॉरिस हा गुलाम बहिणीसह पळाला आणि पकडला गेला. लीने आम्हाला फटके मारविले आणि पाठीवर मिठाचे पाणी ओतविले, अशी त्याची जबानी १८६६ साली छापून आली. लीचे चरित्रकार बराच काळ तिच्याकडे संशयाने पाहत राहिले. मालकाचे पत्र विश्वसनीय आणि गुलामाची जबानी संशयास्पद, हा पुराव्याचा नियम कोणत्या कायद्यात आहे?

गेटिसबर्गच्या लढाईपूर्वी लीचे सैन्य पेनसिल्व्हेनियात शिरले, तेव्हा त्या सैन्याने तेथील कृष्णवर्णीय स्त्री-पुरुष धरून दक्षिणेत गुलामीत धाडले. त्यांत जन्मतः स्वतंत्र असलेलेही होते. आणि ऑक्टोबर १८६४मध्ये लीने ग्रँटकडे कैद्यांच्या अदलाबदलीचा प्रस्ताव पाठविला, त्या वेळी ग्रँटने विचारले की, काळे सैनिकही गोऱ्यांप्रमाणेच परत मिळतील ना? आमच्या नागरिकांच्या मालकीचे निग्रो अदलाबदलीस पात्र नाहीत, असे लीचे उत्तर आले. ग्रँटने प्रस्ताव फेटाळला. माझ्या मते गेटिसबर्गच्या साऱ्या नकाशांपेक्षा हा छोटा पत्रव्यवहार त्या युद्धाचे स्वरूप अधिक उघड करतो. पण नकाशे शोभिवंत असतात, आणि पत्रव्यवहाराचे चित्र काढता येत नाही!

उत्तरेला मी देवत्व देत नाही. तिने आरंभी काळ्या माणसाला सैन्यात घेण्यासही नकार दिला. १८६१ साली एका सेनापतीने मिसुरीत बंडखोरांचे गुलाम मुक्त केल्याची घोषणा केली, ती खुद्द लिंकनने मागे घ्यावयास लावली. मग हे चक्र फिरविले कोणी?

२३ मे १८६१च्या रात्री व्हर्जिनियात फ्रँक बेकर, शेपर्ड मॅलरी व जेम्स टाउनसेंड हे तीन गुलाम एका होडीतून खाडी ओलांडून उत्तरेच्या ताब्यातील मनरो किल्ल्यात आले. बंडखोरांच्या तोफांसाठी मोर्चे बांधण्यास त्यांना जुंपले होते आणि बायकामुलांपासून तोडून दूर नेण्याचा मालकाचा बेत होता. दुसऱ्या दिवशी मालकाचा माणूस पांढरे निशाण घेऊन हजर! १८५०च्या फरारी गुलामांच्या कायद्याने माल परत करा, ही त्याची मागणी. किल्ल्याचा सेनापती बेंजामिन बटलर हा व्यवसायाने वकील. तो म्हणाला, व्हर्जिनिया आता आपण परके राष्ट्र असल्याचे सांगते. मग आमच्या देशाचा कायदा तुम्हाला कसा लागू होईल? आणि शत्रूच्या युद्धकार्यात वापरला जाणारा माल म्हणून मी या तिघांना ताब्यात ठेवतो. युक्तिवाद बिनतोड होता. एक वकील म्हणून मला तो आवडतो, आणि माणूस म्हणून खटकतो, कारण त्यात तिघे मालच राहिले. परंतु वार्ता पसरली. काही दिवसांत शेकडो, पुढे हजारो स्त्री-पुरुष मुलाबाळांसह उत्तरेच्या छावण्यांकडे निघाले. मळे ओस पडू लागले. कायदेमंडळाला कायदे करावे लागले आणि १ जानेवारी १८६३ रोजी लिंकनला बंडखोर प्रदेशातील गुलामांच्या मुक्ततेचा जाहीरनामा अमलात आणावा लागला. ज्या तिघांनी वल्ही मारली त्यांचे पुतळे किती आणि लीचे किती, याची मोजदाद तुम्हीच करा.

पुढे सुमारे १ लक्ष ७९ हजार कृष्णवर्णीय उत्तरेच्या भूसैन्यात लढले; आरमारातील आणखी वेगळे. सुमारे ४० हजार मेले, त्यांतील बहुसंख्य रोगराईने. दरमहा गोऱ्या शिपायास १३ डॉलर, काळ्यास १०, आणि त्यातूनही कपड्यांचे ३ कापून ७! मॅसॅच्युसेट्सच्या ५४व्या पलटणीने हा अपमानाचा पगार घेण्याचे नाकारले. फरक आम्ही भरतो, असे त्यांचे राज्य म्हणाले, तरी घेतला नाही. घरी पोरे उपाशी असताना ते सुमारे दीड वर्ष बिनपगारी लढले, तेव्हा कुठे जून १८६४मध्ये समान वेतनाचा कायदा झाला. याच पलटणीने १८ जुलै १८६३ रोजी वॅग्नर किल्ल्यावर हल्ला चढविला. सुमारे ६०० पैकी २७०च्या आसपास मारले गेले, जखमी झाले वा बेपत्ता झाले. किल्ला मिळाला नाही. त्यांचा गोरा कर्नल शॉ याला शत्रूने अवमान म्हणून त्याच्या काळ्या शिपायांसह एकाच खड्ड्यात पुरले. बापाने कळविले, त्याला तेथून हलवू नका. जखमी होऊनही निशाण खाली पडू न देणाऱ्या विल्यम कार्नीला सर्वोच्च शौर्यपदक मिळाले १९०० साली, म्हणजे ३७ वर्षांनी.

आणि शरण आलेल्या काळ्या शिपायांचे काय झाले? १२ एप्रिल १८६४ रोजी टेनेसीतील पिलो किल्ल्यात फॉरेस्टच्या सैन्याने त्यांची कत्तल केली. हा नेथन फॉरेस्ट युद्धापूर्वी गुलामांचा व्यापारी होता आणि युद्धानंतर कू क्लक्स क्लॅनचा म्होरक्या झाला. याचा अर्धपुतळा टेनेसीच्या विधान भवनात १९७८ साली बसविला आणि २०२१ साली हलविला. सन नीट वाचा : १८७८ नव्हे, १९७८!

आपल्या देशातील एका पुरुषाने हे युद्ध त्याच्या समकाळातच बरोबर वाचले होते. युद्ध संपल्यावर आठ वर्षांनी, १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध केली. ग्रंथ अर्पण केला तो अमेरिकेतील गुलामांच्या मुक्ततेसाठी झटलेल्या सदाचारी लोकांना. पुण्यात बसलेल्या जोतीरावांना जे दिसले, ते व्हर्जिनियाची राजधानी रिचमंड येथे १८९० साली लीचा अश्वारूढ पुतळा उभारणाऱ्यांना दिसले नाही, असे मी म्हणणार नाही. त्यांना दिसत होते, म्हणूनच त्यांनी तो उभारला. मुक्त झालेल्यांचे मतदानाचे हक्क त्याच वर्षांत एकेका राज्यात काढून घेतले जात होते.

तो पुतळा सप्टेंबर २०२१मध्ये उतरविला गेला. व्हर्जिनियातील ज्या लष्करी तळाला लीचे नाव होते, त्याला २०२३ साली ग्रेग व अ‍ॅडम्स या दोन कृष्णवर्णीय अधिकाऱ्यांची नावे देण्यात आली. २०२५ साली ती काढून पुन्हा ‘फोर्ट ली’ अशी पाटी लावली. बंडखोरांची नावे लष्करी तळांवरून हटविण्याचा कायदा झालेला होता. म्हणून हा ली तो नव्हे, हा १८९८च्या स्पेनविरुद्धच्या युद्धात शौर्यपदक मिळविलेला फिट्झ ली नावाचा काळा शिपाई, असा खुलासा करण्यात आला. फिट्झ ली खरा शूर होता, त्याच्या नावाने तळ असण्यास कोणाचीच हरकत नाही. परंतु दोन कृष्णवर्णीयांची नावे पुसून जुनी पाटी परत आणण्यासाठी तिसऱ्या कृष्णवर्णीयाचे नाव वापरावे, याला आमच्या न्यायालयाच्या आवारात पळवाट म्हणतात.